‘कावीळ उतरली’ : पित्तनलिकेतील अडथळ्याच्या निदानभाषेची चिकित्सा

सारांश

पित्तनलिकेत अडथळा निर्माण झाल्यामुळे होणारी कावीळ कर्करोगाची आहे की अन्य कारणाची, हे ठरविणे वैद्यकातील अवघड कामांपैकी एक आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार निदानाच्या भाषेच्या अंगाने केला आहे. ‘कावीळ उतरली’, ‘अहवाल निरंक आला’ आणि ‘अडथळा सौम्य आहे’ ही तीन विधाने रुग्ण व नातेवाईक ज्या अर्थाने घेतात, तो अर्थ त्यांमागील पुराव्यातून निघत नाही, असे लेखाचे प्रतिपादन आहे. ‘कर्करोगासारखे दिसते’ या विधानाची विरुद्ध बाजूही तपासली आहे. लेखाचा हेतू उपचाराचा सल्ला देण्याचा नसून निदानवाक्ये काळजीपूर्वक वाचण्याची सवय रुजावी एवढाच आहे.

बीजशब्द : कावीळ, पित्तनलिका, रुद्धपथ कामला, पेशीपरीक्षण, निदानभाषा.

प्रस्तावना

मराठीत ताप उतरतो, विष उतरते, दृष्ट उतरविली जाते. त्याच पंक्तीत कावीळही बसते. चढलेले काही तरी खाली आले की आजार संपला, अशी या क्रियापदामागील धारणा आहे. कावीळ हे मात्र लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य वाढले की डोळे व त्वचा पिवळी दिसते. ते का वाढले याची उत्तरे अनेक असून त्यांतील काही परस्परांपासून फार दूरची आहेत. दूषित पाण्यातून झालेला यकृतदाह आणि पित्तनलिकेचा कर्करोग यांना भाषा एकच नाव देते, एकच क्रियापद देते. या एकत्रीकरणाची किंमत रुग्ण मोजतो, आणि ती किंमत बहुधा वेळेच्या रूपात असते.

वेळ नदीकाठच्या तळेगाव ढमढेरे परिसरातील रुग्णाचा प्रवास डोळ्यांसमोर आणल्यास हे स्पष्ट होईल. डोळे पिवळे दिसले की प्रथम पथ्य सुरू होते, मग कोणी तरी ‘काविळीचे औषध’ देणारा सुचविला जातो, त्यानंतर स्थानिक डॉक्टर, मग सोनोग्राफी आणि अखेर शिक्रापूरमार्गे पुणे. अंतर सुमारे चाळीस किलोमीटरचे आहे. ते कापण्यास लागणारे आठवडे रस्त्यामुळे लागत नाहीत. ‘कावीळ आहे, उतरेल’ या वाक्यावरील विश्वासामुळे लागतात.

१. विश्वासाचा उगम

हा विश्वास निराधार आहे असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राचा काविळीचा सामुदायिक अनुभव प्रामुख्याने पाण्यातून पसरणाऱ्या विषाणुजन्य यकृतदाहाचा आहे. २०१२ साली इचलकरंजीत आलेली ‘हिपॅटायटिस ई’ची मोठी साथ अनेकांच्या स्मरणात असेल. अशा साथीत काही मृत्यूही होतात, विशेषतः गर्भवती स्त्रियांना धोका अधिक असतो. तरीही बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. नेमक्या याच कालावधीत गळ्यात माळ घातली जाते, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळे पाणी ‘उतरविले’ जाते, नाकात वनस्पतीच्या रसाचे थेंब टाकले जातात. आजार स्वतःच्या गतीने ओसरतो आणि श्रेय उपचाराला मिळते. ‘हे घडले, नंतर ते घडले; म्हणून यामुळे ते घडले’ हा तर्कदोष येथे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवसिद्ध ज्ञान म्हणून वावरला आहे.

लोकव्यवहाराने काविळीचे वर्गीकरणही केले आहे. पिवळी कावीळ, पांढरी कावीळ, काळी कावीळ असे शब्द बोलण्यात येतात; ‘पांढरी कावीळ’ हे नाव तर ‘हिपॅटायटिस बी’साठी सर्रास वापरले जाते. या रंगांच्या यादीत अडथळ्याच्या काविळीला स्वतंत्र जागा नाही. काविळीच्या रोग्याला सारे जग पिवळे दिसते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात सगळ्या काविळींना एकाच रंगात पाहण्याचा दोष रोग्यापेक्षा पाहणाऱ्यांत अधिक आहे.

२. विसरलेला भेद

विशेष म्हणजे हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, पांडुरोगाच्या सोळाव्या अध्यायात, कामलेचे विवेचन आहे. तेथे कोष्ठाश्रित कामलेहून निराळी अशी एक कामला सांगितली असून कफाने पित्ताचा मार्ग रोखला गेल्यामुळे ती होते आणि रोग्याचे मल तिळाच्या पिठासारखे दिसते, असे वर्णन आहे. पुढे हीच कामला शाखाश्रित किंवा रुद्धपथ कामला या नावांनी ओळखली गेली. पित्त आतड्यात न पोहोचल्याने मलाचा रंग जातो, हे आजच्या शरीरक्रियाशास्त्रालाही मान्य असलेले निरीक्षण त्यात आहे. कफाची उपपत्ती आज कोणी स्वीकारो वा न स्वीकारो, ‘मार्ग मोकळा असलेली’ आणि ‘मार्ग रोखलेली’ कावीळ वेगळी पाहावी ही दृष्टी मोलाची होती. परंपरेचे नाव घेणाऱ्या अनेक गावठी उपचारांत हीच दृष्टी हरवली आहे. मलाचा रंग विचारला जात नाही. माळ मात्र घातली जाते.

३. अडथळा आणि त्याची कारणे

यकृतात तयार होणारे पित्त उजव्या व डाव्या नलिकांतून यकृताच्या द्वाराशी एकत्र येते, पित्ताशयाची नलिका तिला मिळते आणि ही सामाईक नलिका स्वादुपिंडाच्या मस्तकातून जाऊन लहान आतड्यात उघडते. या वाटेवर कोठेही अडथळा आला की लघवी गडद होते, मल फिकट होतो, अंगाला खाज सुटते. रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज ठळकपणे वाढलेले आढळते. पित्ताअभावी ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही. त्यामुळे रक्त गोठण्यास विलंब होतो. येथपर्यंतचे चित्र कारण कोणतेही असले तरी सारखेच असते.

कारणांची यादी मात्र दीर्घ आहे. नलिकेत उतरलेला पित्तखडा हे सर्वपरिचित कारण होय. पित्ताशयाच्या मानेशी अडकलेला खडा बाहेरून नलिका दाबतो. १९४८ साली अर्जेंटिनातील शल्यविशारद मिरिझ्झी यांनी वर्णिलेला हा प्रकार कर्करोगाचा हुबेहूब आभास निर्माण करू शकतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत नलिकेला झालेली इजा, क्षयाच्या गाठी, दीर्घकालीन स्वादुपिंडदाह, प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडातून येणारे नलिकादाह, आणि यकृताकडे जाणारी प्रवेशिनी नीला बंद पडल्यावर नलिकेभोवती फुगणाऱ्या शिरांचे जाळे ही अन्य कारणे. दुसऱ्या बाजूस पित्तनलिकेचा, पित्ताशयाचा, स्वादुपिंडाच्या मस्तकाचा व नलिकामुखाचा कर्करोग उभा असतो.

येथे अभ्यासक्रमांविषयी एक आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते. पित्तनलिकेच्या कर्करोगाची कारणमीमांसा शिकविताना आग्नेय आशियातील, विशेषतः ईशान्य थायलंडमधील, यकृतकृमी आणि युरोप-अमेरिकेत अधिक आढळणारा प्राथमिक काठिण्यकारी नलिकादाह यांवर भर दिला जातो. ही माहिती अचूक आहे. परंतु भारतीय रुग्णालयात कर्करोगाचा आभास निर्माण करणारी क्षय, नीलारोध व शस्त्रक्रियोत्तर इजा ही कारणे त्या मानाने दुय्यम स्थानी राहतात. दुसऱ्या भूगोलातील संभाव्यता आपल्या रुग्णावर लादली की तर्क निर्दोष असूनही निष्कर्ष चुकू शकतो.

४. निरीक्षणाचा ‘नियम’ कसा होतो

निदानभाषेच्या इतिहासातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. स्विस शल्यविशारद कूर्व्हाझिए यांनी १८९० साली सामाईक पित्तनलिकेच्या अडथळ्याच्या १८७ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. खड्यामुळे अडथळा आलेल्यांत पित्ताशय फुगलेले क्वचित, म्हणजे सुमारे पाचांत एकाचे, आढळले. अन्य कारणांनी अडथळा आलेल्यांत ते बहुतेकांचे फुगलेले होते. खड्यांमुळे वारंवार दाह होऊन पित्ताशयाची भिंत जाड व ताठर होते, म्हणून ते फुगत नाही, असे स्पष्टीकरण दिले जाते.

हे एक संभाव्यतेचे निरीक्षण होते. पुढे पाठ्यपुस्तकांत ते ‘कूर्व्हाझिएचा नियम’ झाले. आणि परीक्षेच्या सोयीसाठी ‘वेदनारहित कावीळ अधिक हाताला लागणारे पित्ताशय म्हणजे कर्करोग’ असे समीकरण तयार झाले. मूळ मांडणीत वेदनेचा हा मुद्दा नव्हता, आणि ‘अन्य कारणे’ म्हणजे केवळ कर्करोग असेही नव्हते. पाचांतील एक रुग्ण या समीकरणात नाहीसा झाला. संहितेच्या अभ्यासकांना हा प्रकार परिचित आहे: मूळ पाठापेक्षा टीका ठाम होते, टीकेपेक्षा मार्गदर्शिका अधिक ठाम होते, आणि अखेरीस विद्यार्थी मार्गदर्शिकेलाच मूळ पाठ समजतो. येथे फरक एवढाच की चुकीच्या पाठाचे परिणाम माणसाच्या शरीरावर होतात.

५. ‘अहवाल निरंक आला’

आज निदानाची साधने पुष्कळ आहेत. १९६८ मध्ये दुर्बिणीतून पित्तनलिकेत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत सुरू झाली. १९७४ पासून त्याच मार्गाने नलिकामुख कापून खडे काढता येऊ लागले. हीच आजची ई.आर.सी.पी. होय. १९९० च्या दशकात चुंबकीय प्रतिमेद्वारे, शरीरात काहीही न घालता नलिकांचा नकाशा मिळू लागला. अरुंद झालेल्या जागेवरून ब्रशने पेशी खरवडून घेऊन त्यांची तपासणी करणे ही ई.आर.सी.पी.तील नित्याची पायरी आहे.

या ब्रशतपासणीचा अहवाल कसा वाचावा, हा लेखाचा कळीचा मुद्दा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार नलिकेतील कर्करोग ओळखण्याची ब्रशची क्षमता सुमारे ४५ टक्के, नलिकेच्या आतून घेतलेल्या तुकड्याची सुमारे ४८ टक्के आणि दोन्ही मिळून सुमारे ५९ टक्के आहे. याउलट कर्करोगाच्या पेशी ‘आढळल्या’ असे अहवाल म्हणतो तेव्हा तो क्वचितच चुकतो. ही अचूकता सुमारे ९९ टक्के आहे. म्हणजे या साक्षीदाराच्या ‘होय’वर विश्वास ठेवता येतो, ‘नाही’वर तसा ठेवता येत नाही.

उदाहरणादाखल असे समजू की, अरुंदी असलेल्या शंभर रुग्णांपैकी साठ जणांना खरोखर कर्करोग आहे. ४५ टक्के क्षमतेनुसार ब्रश त्यांतील २७ जणांना ओळखेल. उरलेल्या ३३ जणांचा अहवाल निरंक येईल. कर्करोग नसलेल्या चाळीस जणांचाही निरंकच येईल. निरंक अहवाल हाती असलेल्या ७३ जणांपैकी ३३ जणांना, म्हणजे जवळजवळ निम्म्यांना, कर्करोग असेल. या ७३ कुटुंबांपैकी किती जण पेढे वाटून घरी परततील याची कल्पना करावी.

ब्रश इतका अपुरा का पडतो याचे कारण रोगाच्या घडणीत आहे. पित्तनलिकेचा कर्करोग पुष्कळदा दाट तंतुमय ऊतीत विखुरलेला असतो. चिवट तंतूंमध्ये कर्कपेशी विरळ असतात आणि तो नलिकेच्या भिंतीतून सरकत वाढतो. पृष्ठभाग खरवडणाऱ्या ब्रशला त्या सापडतीलच असे नाही. ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ या वाक्याचा कर्ता ब्रश आहे, रोग नव्हे. ‘निरंक’ हा कार्यालयीन शब्द मात्र कर्ताच पुसून टाकतो: प्रपत्रात ‘निरंक’ लिहिले की विषय संपतो, अशी आपली सवय आहे.

सी.ए. १९-९ या रक्ततपासणीची मर्यादा याहून वेगळी आहे. केवळ अडथळा व नलिकेतील जंतुसंसर्ग यांमुळेही हे द्रव्य बरेच वाढते आणि पित्ताला वाट मिळाल्यावर खाली येते. काही व्यक्तींच्या शरीरात, साधारणतः शंभरांतील पाच ते दहा जणांत, लुईस रक्तगटाच्या आनुवंशिक गुणामुळे ते जवळजवळ तयारच होत नाही. त्यांना कर्करोग असला तरी आकडा सामान्य राहतो. कावीळ जोरात असताना आलेला वाढीव आकडा दाखवून घरी रडारड व्हावी, किंवा सामान्य आकडा पाहून तपास थांबावा, यांपैकी एकाही गोष्टीस हा आकडा समर्थ नाही.

६. उलट दिशेची चूक

आतापर्यंतच्या विवेचनावरून संशयाचा काटा सदैव कर्करोगाकडे झुकलेला ठेवावा, असा निष्कर्ष कोणी काढील. तोही एकांगी ठरेल. ॲम्स्टरडॅम येथील शल्यविशारदांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यकृतद्वाराशी कर्करोग असल्याच्या संशयावरून शस्त्रक्रिया झालेल्या १३२ रुग्णांपैकी २० जणांच्या, म्हणजे १५ टक्क्यांच्या, काढलेल्या भागात कर्करोग आढळला नाही. या शस्त्रक्रियेत बहुधा यकृताचा मोठा भाग काढावा लागतो आणि अनुभवी केंद्रांतही तिचा धोका नगण्य नसतो.

याच वर्षी जपानी संशोधकांनी एका विशिष्ट स्वादुपिंडदाहात रक्तातील आय.जी.जी.४ हे प्रतिद्रव्य वाढते असे दाखवून दिले. पुढे पित्तनलिकेतही हाच विकार होतो, नलिका अरुंद होते, प्रतिमेत कर्करोगासारखी दिसते आणि स्टिरॉइडने पुष्कळ अंशी पूर्ववत होते, हे स्पष्ट झाले. तथापि काही कर्करोगग्रस्तांतही आय.जी.जी.४ थोडेफार वाढलेले असते. त्यामुळे केवळ एका आकड्यावर विसंबून स्टिरॉइड सुरू करून महिनेच्या महिने वाट पाहणे हेही संकटाला निमंत्रण होय.

तेव्हा येथे दोन चुका समोरासमोर उभ्या आहेत. पहिल्या चुकीत शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा रुग्ण ती वेळ गमावतो. दुसरीत शस्त्रक्रियेची गरज नसलेला रुग्ण यकृताचा भाग गमावतो. पुढील निर्णय कोणत्या चुकीचा धोका पत्करून घेतला जात आहे, हे रुग्णाला सांगितले गेले पाहिजे. प्रबळ संशय असताना पेशींचा पुरावा नसतानाही शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो समर्थनीय असू शकतो. मात्र ‘कर्करोग आहे म्हणून’ आणि ‘कर्करोग नाकारता येत नाही म्हणून’ या दोन वाक्यांतील अंतर संमतिपत्रावर सही करणाऱ्याला कळले पाहिजे.

७. ‘सौम्य’ या शब्दाविषयी

कर्करोग नसलेल्या विकाराला मराठी वैद्यकीय परिभाषेत ‘सौम्य’ म्हणण्याची रीत आहे. गाठीच्या संदर्भात हा शब्द चालून जातो. पित्तनलिकेच्या संदर्भात तो दिशाभूल करतो. खड्याने अडलेल्या नलिकेत जंतुसंसर्ग झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर काही तासांत प्राणावर बेतू शकते. अशा अडथळ्याला ‘सौम्य’ म्हणणे म्हणजे रुग्णाला सकाळपर्यंत थांबण्याचे आश्वासन देणे होय. शिवाय काही कर्करोगेतर विकार, उदाहरणार्थ यकृतातील नलिकांमध्ये दीर्घकाळ राहिलेले खडे, नलिकेची जन्मजात पुटी, काठिण्यकारी नलिकादाह, हे स्वतःच पुढे कर्करोगाचा धोका वाढवितात. त्यामुळे ‘सौम्य’ या निर्णयाला तारीख असते. तो कायमचा नसतो. या शब्दाऐवजी ‘कर्करोगेतर अडथळा’ अशी संज्ञा वापरावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते. ती रोग कोणता नाही एवढेच सांगते, रोग किती गंभीर आहे याविषयी खोटा दिलासा देत नाही.

‘कावीळ उतरली’ या वाक्याकडे आता पुन्हा वळता येईल. नलिकेत स्टेंट, म्हणजे आधारनळी, बसविली की पित्ताला वाट मिळते, खाज थांबते, डोळे स्वच्छ होतात, भूक लागते. अडथळा कर्करोगाचा असला तरी हे सर्व घडते. नातेवाइकांनी रुग्णाला ‘नळीला सूज होती’ एवढेच सांगितलेले असते. मग बरे वाटू लागल्यावर पुढील तपासणीसाठी पुण्याला जाण्याचे प्रयोजन त्याला उरत नाही. प्लॅस्टिकची नळी साधारणतः तीन महिन्यांत बदलावी लागते, हेही मागे पडते. वैदूच्या माळेने उतरलेली आणि स्टेंटने उतरलेली कावीळ यांत भाषेच्या पातळीवर फरक राहत नाही.

क्रमाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. तातडीचा जंतुसंसर्ग नसेल, तर नळी बसविण्यापूर्वीच सी.टी. किंवा एम.आर.आय. प्रतिमा घेणे श्रेयस्कर असते; कारण नळीमुळे नलिकेची भिंत सुजते व जाड दिसते, आणि नंतरच्या प्रतिमेत रोग कोठे संपतो आणि नळीचा परिणाम कोठे सुरू होतो हे उलगडणे कठीण होते. निदान निश्चित होण्यापूर्वी सहज न काढता येणारी अनाच्छादित धातूची जाळी बसविणे हेही म्हणूनच टाळले जाते. ‘आधी कावीळ उतरवा, मग पाहू’ ही नातेवाइकांची समजण्याजोगी घाई पुराव्यावर शाई सांडणारी ठरू शकते.

समारोप

पित्तनलिकेतील अडथळ्याचे निदान एका चाचणीने होत नाही. रुग्णाची हकीकत, रक्ताचे आकडे, प्रतिमा, पेशी आणि काळ यांच्या साक्षी एकत्र वाचून ते करावे लागते, आणि या साक्षींचे वजन सारखे नसते. निदानाच्या अहवालासोबत चार प्रश्नांची मराठीत उत्तरे देण्याची प्रथा पडल्यास बरेच साध्य होईल. कावीळ कोणत्या प्रकारची आहे, मार्ग मोकळा असलेली की रोखलेली? या चाचणीने काय सिद्ध झाले? तिने काय नाकारता येत नाही? पुन्हा कधी आणि कशासाठी यावयाचे?

ही उत्तरे देणे वैद्यांचे काम आहे. ते प्रश्न विचारणारा समाज घडविण्यात मात्र भाषेच्या आणि विज्ञानाच्या अध्यापकांना वाटा उचलता येईल. आपल्या वर्गातील विद्यार्थीच उद्या आपल्या आई-वडिलांचा अहवाल हातात घेऊन कोणत्या तरी दवाखान्याच्या बाकावर बसणार आहेत. ‘निरंक’ हा शब्द वाचल्यावर कागद घडी करून खिशात न ठेवता ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारण्याचे धैर्य आणि शब्द त्यांच्यापाशी असावेत. डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यावरही तो प्रश्न शिल्लक राहतो, आणि ग्रामीण भागातील एखाद्या रुग्णाच्या बाबतीत बरे होण्याची शक्यता त्या एका प्रश्नावरच अवलंबून असू शकते.